भिंत कोणाची? मिशन, चित्र आणि आपला मुलूख



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. अंजनगाव सुर्जीत बसून ख्रिस्ती मिशनच्या भित्तिचित्रांबद्दल बोलायचं म्हणजे काय? इथे पानमळे आहेत, पिंपळी आहे, केळी आहे, शहानूर नदी आहे, देवनाथांचा मठ आहे. जवळच शेंडगाव आहे, जिथे १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. या सगळ्यात मिशनवाल्यांनी रंगवलेली भिंत कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो : इथे आपल्याला मुख्यतः न रंगवलेल्या भिंतीबद्दल बोलायचं आहे. ती का रंगली नाही, दुसरीकडे का रंगली, आणि जिथे रंगली तिथे रंगवणाऱ्याच्या मनात होतं तेच तिने सांगितलं का, असा हा प्रवास आहे. तो गोव्याला जाईल, आग्र्याला जाईल, शांतिनिकेतनला जाईल, पुण्यात बराच वेळ थांबेल आणि मेकलच्या डोंगरात संपेल. वऱ्हाड मात्र वाटेत वारंवार भेटत राहील.

आपल्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, भोसल्यांनी देवगावला सही केली आणि पाठोपाठ दौलतराव शिंद्यांच्या वतीने इथे, सुर्जी अंजनगावात. हा तह आपण शाळेत पाठ केलेला असतो, पण त्याची एक बाजू बोलली जात नाही. १८०३ ला सुरू झालेली गोष्ट १८५३ मध्ये पूर्ण झाली, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मग महसुलाचा साहेब आला, कापसाचा साहेब आला, आणि त्यांच्या मागून पाद्री आला. १८९० च्या सुमारास एलिचपूर आणि मेळघाटाच्या बाजूला कोरकूंमध्ये काम करणारं कुर्कू मिशन उभं राहिलं. अकोला, खामगाव, अमरावती या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम चाललं. कॅथलिकांचं काम नागपूरहून चाले, अमरावतीला स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९५५ साली.

आता यातले बहुतेक प्रॉटेस्टंट. आणि प्रॉटेस्टंट माणूस भिंतीला घाबरतो. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. युरोपात सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत कितीतरी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, चित्रांवर चुना फासला गेला. त्या परंपरेतून आलेला पाद्री हिंदुस्थानात उतरला तो मूर्तिपूजेविरुद्ध बोलायला. तो स्वतःच्या देवळाच्या भिंतीवर चित्र कसं काढणार? लोक उद्या तिलाच हळदकुंकू लावतील, ही त्याची भीती. आणि ती अगदीच निराधार नव्हती, आपण लावलंही असतं. १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची हत्यारं बघा : शाळा, छापखाना, १८४२ पासून 'ज्ञानोदय'. चित्र होतं, पण पुस्तकातलं. नंतर जादूचा कंदील आला, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायचं. रात्री गावात पडदा बांधायचा, चित्र दाखवायचं, गोष्ट सांगायची, आणि कंदील विझला की चित्र गेलं. ही मोठी सोयीची गोष्ट होती. पूजा करायला काही मागे उरत नाही! भिंतीवर फार तर शास्त्रातलं वचन, सुंदर देवनागरी अक्षरात. आजही आपल्याकडच्या चर्चमध्ये गेलात तर समोरच्या भिंतीवर बहुधा अक्षरंच दिसतील.

गंमत अशी की या पांढऱ्या भिंतीच्या बाहेर सगळा वऱ्हाड रंगलेला होता. नागपंचमीला दारावर, भिंतीवर नाग काढायचा. लग्नघराच्या दाराशी हत्ती, कळस, मोर काढायचे. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरू आणि पांढरी माती. तिकडे मेळघाटात कोरकू मंडळी मेलेल्या माणसासाठी लाकडाचा मुंडा कोरून उभा करतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार. नवा धर्म घेतलेल्या घरातल्या बाईने नागपंचमीला भिंतीचं काय केलं असेल, याचा विचार आमच्या मनात नेहमी येतो. धर्मांतराच्या इतिहासात आपण आकडे वाचतो, वाद वाचतो. त्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या भिंतीबद्दल कोणी लिहीत नाही.

इथे जरा मागे जाऊ, चांगलं दीड हजार वर्षं मागे. भिंतीवरच्या चित्रातून धर्म सांगण्याचं काम आपल्याच लोकांनी जगात सर्वोत्तम केलेलं आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं वराहदेवाने, आणि हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. पाचव्या शतकाची ही गोष्ट. अजिंठ्याची भिंत तयार कशी केली ते आपल्या आयाबहिणींना समजावून सांगायची गरज नाही : माती, भुसा, तूस, झाडाचे तंतू कालवून गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड. निळा तेवढा बाहेरून आणलेला. म्हणजे पद्धत आपल्या घरचीच, हात मात्र असामान्य. आणि ही चित्रं कोणासाठी? भिक्खू होते, व्यापारी होते, वाटसरू होते. त्यांना जातककथा तिथे दिसल्या. मिशन या शब्दाचा अर्थ 'पाठवणी' असा घेतला, तर बौद्ध संघ हे जगातलं पहिलं मोठं मिशन, आणि अजिंठा ही त्याची रंगलेली भिंत. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुण्यापर्यंत जाणार आहे.

आता ख्रिस्ती बाजूचा मूळ युक्तिवाद. सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेलच्या सेरेनस नावाच्या बिशपने आपल्या चर्चमधली चित्रं फोडून टाकली, कारण लोक त्यांना नमस्कार करू लागले होते. रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी त्याला पत्रं लिहिली. आशय असा की पूजा करू देऊ नकोस हे बरोबर, पण फोडलीस हे चूक, कारण वाचता येणाऱ्याला जे पोथीतून मिळतं ते न वाचणाऱ्याला चित्रातून मिळतं. पुढची हजार वर्षं कॅथलिक जगात या विचारावर भिंती रंगल्या.

आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, म्हणून एक शंका इथेच मांडतो. चित्र हे खरोखर निरक्षराचं पुस्तक आहे का? पुस्तकात विधान असतं. 'अमुक हाच देव, दुसरा नाही' हे वाक्य लिहिता येतं. त्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. पण 'दुसरा नाही' हे रंगवून दाखवा बरं! चित्रात नकार काढता येत नाही. मांडीवर मूल घेतलेली आई तुम्ही काढलीत, तर पाहणाऱ्याला मरियम दिसेल, यशोदा दिसेल, आपली मावशीही दिसेल. प्रवचन ऐकणाऱ्याला बांधता येतं, चित्र पाहणाऱ्याला नाही. तेव्हा भिंत रंगवणारं मिशन नकळत आपल्या हातातली दोरी सैल सोडतं. प्रॉटेस्टंट पाद्र्याला हे कळलं होतं, म्हणून त्याने चित्रच काढलं नाही. कॅथलिकांनी काढलं, आणि पुढे काय झालं ते बघा.

गोव्यात पोर्तुगीज आले १५१० ला. देवळं पाडली, पोथ्या काढून घेतल्या, हा कटू भाग आपल्याला माहीत आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये आला, मराठी शिकला आणि ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहून १६१६ मध्ये छापलं. शब्दांच्या बाबतीत मिशन आपल्या अंगणात आलं. चित्रांच्या बाबतीत मात्र दार बंद होतं. १५६७ च्या गोव्याच्या धर्मसभेने ठराव केला की ख्रिस्त्यांनी पूजेच्या वस्तू, मूर्ती, चित्रं अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. असे हुकूम एकदा काढून भागलं नाही, आणि यातच सगळं आलं. ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागते ती चालू असते. कारागीर इथलेच, हात इथलेच. समोर नमुना ठेवलेला असे युरोपातल्या छापील चित्राचा, अन् ब्रश धरणाऱ्याच्या बोटांत देवळाच्या खांबावरची वेल.

जुन्या गोव्याला गेलात तर सगळे बॉम जेझूला गर्दी करतात. तुम्ही जरा बाजूला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा. १५२१ च्या जुन्या वास्तूच्या जागी १६६१ मध्ये बांधलेली ही इमारत. आत वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, ती झाली सांगायची गोष्ट. पण भिंतींवरच्या, कमानींवरच्या पानाफुलांच्या नक्षीकडे नीट बघा. ती कोणी सांगायला सांगितलेली नाही, तरी ती बोलते. आणि तिथून चढावर सांता मोनिका मठ आहे. आर्चबिशप मेनेझिसने १६०६ मध्ये पायाभरणी केली, १६२७ ला पुरा झाला, १६३६ च्या आगीत जळला, दुसऱ्याच वर्षी पुन्हा उभारायला घेतला. बायकांचा मठ. एकदा आत गेलेली बाई बाहेर येत नसे. त्या मठाच्या भिंतींवर बायबलमधले प्रसंग आणि भोवती पुन्हा तीच दाट नक्षी. ही चित्रं कोणाचं धर्मांतर करण्यासाठी नव्हती, पाहणाऱ्या आधीच जोगिणी झालेल्या होत्या. जन्मभर ज्यांना बाहेरचं झाड दिसायचं नाही त्यांच्यासाठी भिंतीवर फुलं काढली गेली. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने मठ बंद करण्याचा हुकूम काढला, नवी बाई घ्यायची नाही, आहेत त्यांना राहू द्यायचं. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. तेवढी वर्षं त्या रिकाम्या होत जाणाऱ्या मठात ही चित्रं आणि त्या बायका एकमेकींना सोबत होत्या. आज त्याच आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, जरूर पाहा. जांभ्या दगडाची भिंत, कोकणपट्टीचा पाऊस आणि चुन्यात उतरणारा क्षार, यातून जेवढं वाचलं तेवढं नवलच.

गोव्याहून १५७९ च्या शेवटी तीन जेझुइट अकबराकडे निघाले : रुडॉल्फ अक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक्स. १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला त्यांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. बादशहा ख्रिस्ती होईल अशी त्यांची आशा होती. बादशहा झाला नाही, त्याचे चितारी मात्र त्या पुस्तकातल्या चित्रांवर तुटून पडले. पुढे जहांगीरच्या काळात आग्रा आणि लाहोरच्या महालांच्या भिंतींवर येशू, मरियम आणि संतांच्या आकृती रंगल्याची वर्णनं जेझुइटांच्या पत्रांत आहेत. लाहोरच्या किल्ल्यात काला बुर्जाच्या छताखाली पंखवाले देवदूत आजही दिसतात. बघा, मिशनच्या सगळ्या इतिहासात सर्वांत वैभवशाली ख्रिस्ती भित्तिचित्रं मुसलमान बादशहाने मुसलमान आणि हिंदू चित्रकारांकडून काढवून घेतली, आणि त्यातून एकाही माणसाचं धर्मांतर झालं नाही. पाद्र्यांना वाटलं, भिंतीवर येशू आला म्हणजे मनात आला. जहांगीरला त्यात आपल्याच राज्याची दैवी शोभा दिसत होती. दोरी सैल सुटते ती अशी.

आणि वऱ्हाड इथे पुन्हा भेटतो, बरं का. अकबराने आपला मुलगा मुराद याला शिकवायला मोन्सेरातच्या हाती दिलं होतं. दहा वर्षांचा पोरगा, पोर्तुगीज भाषेचे धडे गिरवायचा. हाच मुराद मोठा होऊन दख्खनच्या मोहिमेवर आला, १५९६ मध्ये चांदबिबीकडून मोगलांना वऱ्हाड मिळाला तो त्याच्याच वेळी. बाळापूरजवळ शाहपूर वसवून त्याने तिथे मुक्काम केला. १५९९ मध्ये ऐन तिशीच्या आत, दारूपायी, मोहिमेतच वारला. जेझुइटांचा शिष्य वऱ्हाडचा सुभेदार झाला होता, हे आपल्याकडच्या कितीजणांना ठाऊक आहे?

मोठी उडी मारून आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८१९ मध्ये अजिंठा पुन्हा उजेडात आला. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात आणि चित्रांच्या नकला करत, तेरा वर्षं हे काम चाललं. नकला लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये त्यांतल्या बऱ्याच आगीत जळाल्या. पुढे १९०९ ते ११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला करायला घेतल्या, त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जी तरुण पोरं आली त्यांत नंदलाल बोस होते. महिनोन्‌महिने अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसून नंदलालांचा हात बदलला. मग शांतिनिकेतनात कलाभवन त्यांच्याकडे आलं, आणि तिथे त्यांनी भिंत हा शिक्षणाचाच भाग केला. जयपूरच्या कारागिराला बोलावून ओल्या चुन्यावरचं काम शिकून घेतलं. गुरू, विद्यार्थी, मिस्त्री सगळे एकाच परातीवर. १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथली बांबूची सजावट याच नंदलालांची. चित्र हे दिवाणखान्यातलं नाही, गावाचं, हा त्यांचा आग्रह.

या नंदलालांच्या हाताखाली मराठी मुलखातले दोन ख्रिस्ती चित्रकार तयार झाले. एक कोल्हापूरचे विनायक मासोजी, जे पुढे कलाभवनातच शिकवत राहिले. गांधीजींच्या मध्यरात्रीच्या अटकेचं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे. दुसरे आंजेलो दा फोन्सेका, आणि त्यांच्यापाशी आम्हाला थोडं थांबायचं आहे.

फोन्सेका १९०२ मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर खात्यापित्या घरात जन्मले. डॉक्टर व्हायला मुंबईला आले, ते सोडून जे.जे.त गेले, तिथली विलायती पद्धत पटली नाही म्हणून थेट शांतिनिकेतन गाठलं. अवनींद्रनाथ आणि नंदलाल, दोघांचं शिक्षण मिळालं. परत गोव्याला आले १९३१ च्या सुमारास, आणि चित्रं काढू लागले. मरियम सावळी, नेसायला लुगडं, पायात जोडवी असावीत अशी आपल्या घरातली बाई. येशू आपल्याकडच्या साधूसारखा मांडी घालून. झालं! गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात गहजब उडाला. आमच्या माउलीला मोलकरणीसारखं दाखवता? गोरी, निळ्या झग्यातली मरियम हीच खरी, ही कुठली? या प्रश्नात किती अपमान दडला आहे पाहा. लुगडं नेसलेली बाई पवित्र असू शकत नाही, असं लुगडं नेसणाऱ्या बायकांची लेकरंच म्हणत होती. फोन्सेकांना गोवा सोडावा लागला.

ते गेले पुण्याला. तिथे ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम होता, पुढे त्याचंच नाव ख्रिस्त प्रेम सेवा संघ झालं. जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ मध्ये तो नगरच्या बाजूला सुरू केला आणि नंतर शिवाजीनगरला आणला. खादी, शाकाहार, जमिनीवर पंगत, मराठी भजनं. या विन्स्लोंवर छाप होती रेव्हरंड ना. वा. टिळकांची, त्यांचं इंग्रजी चरित्रही विन्स्लोंनी लिहिलं. टिळकांनी कीर्तन आणि अभंग चर्चमध्ये आणला तेव्हाही नाकं मुरडली गेलीच होती, पण शब्दांना लोक लवकर सरावतात. डोळे हट्टी असतात. फोन्सेका कॅथलिक, आश्रम अँग्लिकन, तरी त्यांना तिथे आसरा मिळाला, आणि मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास यांच्यासारखा कॅथलिक पाठीराखाही मिळाला. पुण्यात ते १९६७ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. ज्या गोव्याने घालवलं त्यानेच आता सांभाळलं आहे. पण आम्हाला सलतं ते वेगळंच. भिंतीवरच्या चित्राचं शिक्षण घेतलेला हा माणूस, अजिंठ्याची परंपरा थेट नंदलालांकडून मिळालेला, आणि त्याचं बहुतेक काम कागदावर, जलरंगात, हातभर आकाराचं. एवढ्या चर्चच्या एवढ्या भिंती होत्या! पुढे १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की चर्चची स्वतःची अशी कुठलीही एक कलाशैली नाही, सर्व लोकांची, सर्व प्रदेशांची कला तिला मान्य आहे. फोन्सेकांच्या हयातीची तेव्हा चार वर्षं उरली होती.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हिंदू मित्र विचारत, आणि आजही विचारतात, की लुगड्यातली मरियम ही माणसं ओढण्याची नवी युक्ती नाही कशावरून? हा संशय हवेतून आलेला नाही, त्याच्या मागे इतिहास आहे. पण फोन्सेकांच्या बाबतीत तो टिकत नाही असं आमचं मत आहे. युक्ती करणारा आपल्याच मंडळींचा रोष ओढवून घेत नाही, आणि युक्तीपायी कोणी आश्रमात जाऊन राहत नाही. त्यांना दुसऱ्याला आत ओढायचं नव्हतं. आपण आपल्याच घरात परके का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि तो वऱ्हाडातल्या प्रत्येक ख्रिस्ती घराचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राबलेलं, वऱ्हाडी बोलणारं, ज्वारीची भाकर खाणारं घर. त्याला शेजारी म्हणतो तुझा देव विलायती, आणि त्याच्याच भिंतीवरचं कॅलेंडर त्या शेजाऱ्याची बाजू घेतं.

पुण्याच्या त्याच आश्रमात १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण पाद्री आला, व्हेरियर एल्विन. त्याची कथा फोन्सेकांच्या उलट दिशेने गेली. गांधीजींच्या जवळ गेला, आश्रम सोडला आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या आपल्या मराठी सोबत्याबरोबर मंडल्याच्या बाजूला, मेकलच्या डोंगरात करंजियाला गोंडांमध्ये जाऊन राहिला. गेला होता मिशनरी म्हणून. दवाखाना काढला, शाळा काढली, पण गोंडांचं धर्मांतर करायचं नाही असं ठरवलं, बिशपांशी वाजलं, आणि काही वर्षांत चर्चशी नातंच संपलं. मग या माणसाने काय केलं? ज्या भिंती मिशनने रंगवायच्या होत्या त्या आधीच रंगलेल्या आहेत, हे पाहिलं. बायकांनी मातीने उठवलेले हत्ती, हरणं, झाडं; दाराभोवतीची नक्षी. गावोगाव फिरून त्याची नोंद केली आणि १९५१ मध्ये 'द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया' हे पुस्तक छापलं. आमच्या मते मिशन आणि भिंत यांच्या नात्यातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. शिकवायला आलेला माणूस ब्रश खाली ठेवतो आणि पाहू लागतो.

एल्विन करंजियाहून पुढे पाटणगढला राहायला गेले. त्याच पाटणगढमध्ये १९६२ साली जनगढ सिंह श्याम जन्मले, जे पुढे भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती रंगवून आले. यात एल्विनचं श्रेय किती हा वाद आम्ही घालत नाही. चित्र गोंडांचंच होतं, आधीपासून.

आपल्याकडे परत येऊ. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि वऱ्हाडातल्या लाखोंचा रस्ता बदलला. ज्या वस्त्यांत पाद्री कंदील घेऊन जात असे, तिथे विहार उभे राहिले. त्या विहारांत गेलात तर भिंतीवर बुद्धचरित्र रंगवलेलं दिसतं : सारथ्याबरोबर रथ, बोधिवृक्ष, पहिलं प्रवचन. कुठे अजिंठ्याचा पद्मपाणी, गावातल्या पेंटरने एशियन पेंट्सच्या डब्यातल्या ऑइल पेंटने काढलेला. जाणकार नाक मुरडतील, मान वाकडी झाली म्हणतील. आम्हाला त्यात वराहदेवाची भिंत दिसते, दीड हजार वर्षांनी वाशीमच्या मुलखात परत आलेली. आणि त्या चित्राखाली वर्गणीदारांची नावं असतात, वराहदेवानेही आपला लेख कोरून ठेवला होताच की.

सरकारही मागे नाही. २००० सालापासून गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावागावांतल्या भिंती रंगल्या, झाडू, हंडा, हात धुणारी मुलं. ज्या बाबांनी आयुष्यभर खराटा चालवला आणि मूर्तीला हात जोडले नाहीत, त्यांचंच चित्र भिंतीवर आलं. आता कोणी त्याला हारही घालतं. बिशप सेरेनसला हे दाखवायला हवं होतं.

ख्रिस्ती भिंतीचं पुढे काय? पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेले ज्योती साही हे बंगळूरजवळ सिल्वेपुरा इथे राहून कित्येक वर्षं हेच काम करत आले, भारतीय प्रतिमांतून ख्रिस्ती उपासनेच्या जागा घडवण्याचं. झाड, दिवा, पाण्याचं भांडं, ढोल. ही खुणांची भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही. आपल्या भागात असा प्रयोग करायचा म्हटलं तर माती आहे, गेरू आहे, आणि नागपंचमीची भिंत अजून आठवणाऱ्या म्हाताऱ्या बाया ख्रिस्ती वस्तीतही आहेत. त्यांना विचारायला हवं, त्यांच्या आजीने काय काढलं होतं आणि कोणत्या वर्षी काढायचं थांबवलं. कोणी तरुणाने वही घेऊन हे काम केलं तर शहानूरच्या दोन्ही काठांवर मिळून महिनाभरात होईल. आमच्या गुडघ्यांनी आता तेवढं फिरवत नाही.

तासाच्या वर झालं. प्रश्न असतील तर घेऊ.